संतुका आणि चांदणवाडीची मेंढरे

माझ्या शेजारच्या घरात एकही लेकरू नाही. तरीही रोज सायंकाळी सहा वाजता त्या घरात चाळीस लेकरे मेंढरांसारखी ओरडतात.

मी गणिताचा शिक्षक होतो, पुढे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. विधान मोजूनच करतो. शिरड शहापुरातल्या आमच्या आळीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. पलीकडे कोणी शिंकले तर अलीकडे कळते. प्रथम एक स्वच्छ ‘ब्याँऽ’ येते. मग दुसरी, किंचित बोबडी. तिसऱ्या आवाजाला सर्दी झालेली असते. असे एकामागून एक चाळीस. शेवटी माझ्या शेजाऱ्याचा घोगरा आवाज, “बराबर हायेत. बसा आता.” आणि एकदम शांतता. सहा महिने मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. या वयात असे काही ऐकू येते म्हटल्यावर लोक आधी कानाच्या डॉक्टरचे नाव सुचवतात, नंतर दुसऱ्या डॉक्टरचे.

शेजाऱ्याचे नाव संतुका. पिढीजात मेंढपाळ. पन्नास वर्षे त्याने मेंढ्या राखल्या. गुडघे गेले तेव्हा कळप पुतण्यांच्या स्वाधीन केला. चार वर्षांपूर्वी त्याची बायको पारूबाई वारली. मुलगा उत्तम नांदेडला नोकरीला. घरात उरला संतुका, एक लोखंडी पेटी आणि पेटीवर घोंगडीत गुंडाळलेला लॅपटॉप.

हा लॅपटॉप घरात कसा आला, ते सांगणे आवश्यक आहे. सगळ्या शाळा बंद होत्या त्या काळात उत्तमने आपली मुलगी रेणू गावी आजी-आजोबांकडे ठेवली. ती तेव्हा सात वर्षांची. मुले घरात कोंडली गेली म्हणून जिल्ह्यातल्या काही शिक्षकांनी आपापल्या विद्यार्थ्यांची नावे ‘चांदणवाडी’ नावाच्या एका संकेतस्थळावर घातली. तिथे प्रत्येक मुलाला एक अंगण मिळे. घर बांधायचे, झाड लावायचे, जनावराचे चित्र स्वतःच्या हाताने काढायचे आणि त्या जनावराचा आवाजही स्वतःच्या तोंडाने काढून भरायचा. मग ते जनावर चालू लागे. एकमेकांच्या अंगणात जाता येई, बोलता येई. पण बोलायची वाक्ये तयार होती, दहा-बारा, त्यांतलेच एक निवडायचे. भांडण होऊ नये म्हणून अशी योजना असावी. आमच्या ग्रामसभेला ती लागू करता आली असती तर बरे झाले असते.

शाळा उघडल्या. रेणू नांदेडला परत गेली. जाताना आजोबांना बजावून गेली, “आबा, हे बंद करू नका. बंद केलं की पुन्हा आत जाता येत न्हाई. माझी मेंढी सांभाळा.”

मुलीचे म्हणणे दोन दिवसांपुरते होते. संतुकाने त्याला पाच वर्षे झाली तरी मुदत लावलेली नाही.

तो लॅपटॉप त्याने कधीही बंद होऊ दिला नाही. वीज गेली की घोंगडीसकट तो काखोटीला मारून पिठाच्या गिरणीवर जाई. तिथे इन्व्हर्टर आहे.

“काय संतुका, मेंढरं दळायला आणली का?” गिरणीवाला विचारी.

“दळशील तू, दळशील. आधी पिन लाव.”

थंडीत तो यंत्राला दुहेरी घोंगडी घाली. यंत्र त्याने तापते, असे मी सांगितले. “तापू द्या की. आत लेकरांची जनावरं हायेत,” हे उत्तर. दिवाळीच्या पाडव्याला मेंढ्यांना रंग लावतात, म्हणून त्याने पडद्यालाच रंग लावला. तो पुरता निघाला नाही. तेव्हापासून चांदणवाडीचे आकाश एका कोपऱ्यात तांबडे आहे. इंटरनेटची कांडी उत्तमने यंत्रालाच जोडून दिली आहे, ती कुठेही चालते. त्याला वाटते, बाप कीर्तने पाहतो.

या सगळ्याचा उलगडा मला झाला तो मी रागाने त्याच्या घरी गेलो तेव्हा. ते आवाज चांदणवाडीतून येतात, हे मला गिरणीवर कळले होते. लहान मुलांच्या संकेतस्थळावर सत्तरीच्या माणसाने वावरणे मला गैर वाटले, आणि तसे मी त्याला उभ्याउभ्या सांगितले.

“बसा गुरुजी. कोण लेकरू हाय तिथं, बघा,” तो म्हणाला.

मी पाहिले. पडद्यावर संध्याकाळ झाली होती. जांभळ्या उजेडात अंगणांच्या रांगा दूरवर गेल्या होत्या. प्रत्येक अंगणात एक मूल उभे होते आणि प्रत्येकाचे डोळे मिटलेले होते. खांदे किंचित वर-खाली होत होते, श्वास चालू असल्यासारखे. काहींच्या डोक्यावर त्यांनी निवडलेले शेवटचे वाक्य तसेच लटकत होते: ‘मी लगेच परत येते.’ ‘मी लगेच परत येतो.’ पाच वर्षे ती मुले लगेच परत येत होती.

त्या रांगांमधून एकच आकृती चालत होती. दोन वेण्या, झालरीचा फ्रॉक. रेणूने स्वतःसाठी निवडलेली बाहुली ती. चाल मात्र संतुकाची. दहा पावले चालायचे, थांबायचे, मागे वळून कळपाकडे पाहायचे.

“हळू बोला. झोपल्यात,” संतुका म्हणाला.

“संतुका, ही चित्रे आहेत.”

“व्हय. पर झोपल्यात.”

मूल वर्षभर फिरकले नाही की त्याच्या अंगणाचे कुंपण पडते आणि जनावर वाट फुटेल तिकडे जाते, असा तिथला नियम. आणि मेंढरांना चारा टाकणारे अंगण साऱ्या चांदणवाडीत एकच होते. म्हणून ती सगळी इथे येत गेली. एक निळी. एक डोक्यावर फूल उगवलेली. एकीला तीनच पाय.

“ही लंगडी हाय. हिला मी पुढं चरू देतो.”

“लंगडी नाही. काढणाऱ्याने चौथा पाय काढलेलाच नाही.”

“रंग सरला असंल लेकराचा.”

अशी बाहेर चाळीस. एकेचाळिसावी रेणूची स्वतःची. ती अंगणातल्या घरात असे आणि घराचे दार लावलेले असे. ती कशी ओरडते ते मी कधी ऐकले नव्हते. बाहेरची मोजणी संपली की संतुका म्हणे, “गुरुजी, चहा झाला ना? या मग.” आणि मला उंबऱ्यापर्यंत पोचवून, आत जाऊन, कडी लावी आणि भिंतीपलीकडे काही ऐकू येऊ नये इतका यंत्राचा आवाज बारीक करी.

मागच्या महिन्यात चांदणवाडीच्या आकाशात एक पाटी आली. मी ती त्याला वाचून दाखवली. महिनाअखेरच्या दिवशी, सूर्यास्ताला, म्हणजे साडेसहा वाजता, चांदणवाडी कायमची बंद होईल. ज्याचे जनावर त्याला घरी नेता येईल. नाव नोंदवताना दिलेल्या पालकांच्या मोबाइलवर सहा आकडे येतील; ते इथे भरले की जनावर, त्याच्या चित्रासह आणि आवाजासह, त्या मोबाइलवर जाईल. उरलेले पुसले जाईल.

मला वाटले, हा खचेल. त्याने पटका बांधला.

“गुरुजी, चाळीस जनावरं लोकांची हायेत. पोचती करावी लागतात.”

मेंढपाळांची रीत अशी की दुसऱ्याचे चुकार मेंढरू आपल्या कळपात शिरले तर त्याची लोकर कातरायची नाही, ते विकायचे नाही. मालक हुडकून हाती द्यायचे. “दुसऱ्याचं एक ठिवून घेतलं तर सगळा कळप नासतो,” हे वाक्य मी त्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. माझ्या हस्ताक्षरात त्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावून घेतली: ‘एक निळी मेंढी, डाव्या कानाला चांदणी, सापडली आहे. मालकाने ओळख पटवून न्यावी.’ दोन दिवस माणसे निळी मेंढी पाहायला येत होती. एकाने भाव विचारला.

किराणा दुकानदाराने सोपा उपाय सांगितला. “आवाज मोबाइलमधी भरून घ्या की आबा. हाय काय त्याच्यात?”

“तुझी म्हैस चुकली अन् मी तिचा फोटू आणून देला, तर चालंल का तुला?” संतुकाने विचारले. दुकानदार साखर तोलू लागला.

अंगणाच्या पाटीवर मुलाचे टोपणनाव आणि गाव लिहिलेले असे. तेवढ्यावर शोध घ्यायचा. मला बरोबर यावे लागले. “तुमचं तोंड बघून लोक खरं मानतेत,” असे संतुकाचे मत होते. ते मत नरसीपर्यंत टिकले.

नरसी नामदेवला रस्त्याकडेला एक बाई लाह्या-बत्ताशांचे दुकान मांडून बसली होती. तिची मुलगी ‘उडती चिमणी’ असावी, अशी माहिती शाळेतून मिळाली होती. मी शुद्ध भाषेत, नीट शब्द निवडून, खुलासा केला. “बाई, आपल्या मोबाइलवर आता सहा आकडे येतील. ते कृपया आम्हाला सांगावेत.”

“सांगते ना,” ती म्हणाली आणि तिने केरसुणी उचलली. “अवो, धावा! ते आलेत! ओटीपी मागणारे! ह्यात एक म्हातारा तर गुरुजीवानी दिसून राहिला!”

चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी ‘गुरुजीवानी’, म्हणजे गुरुजीसारखा, म्हटले नव्हते. माणसे जमली. हवालदार आला. त्याने माझे पूर्ण नाव दोनदा लिहून घेतले. संतुका मात्र खाली बसला, घोंगडी सोडली, फुलवाल्या मेंढीवर बोट ठेवले.

“ब्याँऽ,” मेंढी म्हणाली. बोबडी, शेवटी फिस्सकन हसलेली.

बाईच्या हातातली केरसुणी खाली आली. “ही आमची कावेरी हाय.”

मागून एक उंच मुलगी आली. नववीत असेल, आईपेक्षा वीतभर मोठी. “मी न्हाई. मी अशी बोबडी नव्हते.”

“तू गप. काका, आणखी एकदा वाजवा.”

संतुकाने तीनदा वाजवली. मग बाईने पदराने मोबाइल पुसला आणि आकडे एकेक करून, हळूहळू सांगितले. पडद्यावरची मेंढी कुंपणाबाहेर चालू लागली आणि दिसेनाशी झाली. तिथल्या अंगणात उभ्या असलेल्या ‘उडती चिमणी’ने डोळे उघडले, एकदा आमच्याकडे पाहिले, आणि तीही गेली. माझ्याकडे पाहिले, असे म्हणणे अधिक अचूक होईल. ते मला आवडले नाही.

आखाडा बाळापूरचा ‘वाघोबा’ शीतपेयांच्या दुकानात सापडला. मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा गडी. ओळख पटवण्यासाठी संतुकाने त्याला भर बाजारात मेंढीसारखे ओरडायला लावले. तो ओरडला. आवाज फुटलेल्या घागरीसारखा आला. बाजार हसला. संतुकाने मान हलवली, “दम तोच हाय. घे तुझं जनावर.”

तीन आठवड्यांत तेहतीस जनावरे पोचती झाली. माझे नाव चार गावांत ‘ओटीपीवाले गुरुजी’ पडले. सात जनावरांचे मालक मिळाले नाहीत. कोणाचे कुटुंब ऊसतोडीला गेले होते, कोणाचा नंबर बदलला होता. एका घरात त्या मुलाबद्दल विचारताच आतले बोलणे थांबले, आणि आम्ही पुढे काही विचारले नाही.

परत येताना बसमध्ये मी म्हणालो, “आणि रेणूची मेंढी? तो तर एका फोनचा प्रश्न आहे.”

“तिला इचारायचं न्हाई.”

“काहून?” तीस वर्षांच्या शेजारात प्रथमच मी त्याच्या भाषेत विचारले.

“न्हाई म्हनलं ना.” तो खिडकीबाहेर पाहू लागला.

मला हे विसंगत वाटले. लोकांच्या जनावरांसाठी केरसुणीचा मार खायला तयार असणारा माणूस स्वतःच्या नातीचे जनावर पुसले जाऊ देतो, या गणितात कुठेतरी पायरी गाळलेली होती.

शेवटच्या दिवशी पाच वाजता तो नारळ घेऊन माझ्या दारात आला. मालक न मिळालेल्या जनावरांचा निरोप बिरोबाला सांगायचा असतो, असे म्हणाला. बिरोबाचा दगड आळीमागच्या माळावर आहे. जाणाऱ्या जनावराकडे मेंढपाळाने पाहू नये, हीही त्यांची रीत. “पर कळप एकटा ठिवू न्हाई. बसता का गुरुजी? लई तकलीफ देली तुमाला.”

मी बसलो. पेटीवर लॅपटॉप, समोर मी, भिंतीवर पारूबाईचा फोटो. पडद्यावरच्या अंगणात सात मेंढ्या. आकाशात पाटी, बाकी सगळी मुले डोळे मिटून.

सहा वाजले. मेंढ्या आपापल्या आवाजात ओरडू लागल्या. मी मोजल्या. सात झाल्या. चार-पाच मिनिटांनी मी उठणार, तोच पडद्यावरच्या त्या बंद घरातून आठवा आवाज आला.

“ब्याँऽऽ.” रेणूचा, सात वर्षांचा. मग तिचे खिदळणे. आणि त्यामागे, लांबून, भांडे ठेवल्याचा आवाज आणि एका बाईचे बोलणे:

“रेणे, हात धू. अन् त्यांना बी हाक मार. भाकरी निवून राहिल्या.”

तीस वर्षे हा आवाज भिंतीवरून मला ‘गुरुजी, ताक पायजे का?’ असे विचारत आला होता. त्या बाईच्या अंत्ययात्रेला मी स्वतः चालत गेलो होतो. माझ्या अंगावर काटा आला, असे मी लिहिणार नाही. मी उठून दिवा लावला, एवढे खरे.

फोटो भिंतीवर होता. आवाज जगात फक्त त्या घरात होता, आणि त्या घराला आता अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ होता.

मी माझा फोन काढून नांदेडला लावला. नाव नोंदवलेला मोबाइल आता रेणूच्याच हाती असतो. तिने उचलला. मी मेंढीबद्दल सांगितले.

“ती तर आबांनी पुसली ना?” ती म्हणाली. “मीच म्हनले व्हते मागच्या दिवाळीला. मैत्रिणी लई हसल्या व्हत्या माझ्या आवाजाला. आबा म्हनले, पुसली. शप्पत घेऊन म्हनले.”

म्हणजे हा हिशेब होता. चाळीस चुकार मेंढ्यांची पै न् पै नीट ठेवणाऱ्याने एक मेंढी मालकिणीशी खोटे बोलून ठेवून घेतली होती. आणि कोणत्या तोंडाने विचारायचे हे न कळून ती हातची जाऊ देत होता.

“पुसलेली नाही,” मी म्हणालो. “बावीस मिनिटे उरली आहेत. तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतील. ते मला सांग.”

“गुरुजी, आबांनी सांगितलंय, आकडे कोणालाच सांगायचे न्हाईत.”

“अगदी योग्य सांगितले आहे. तरी सांग.”

“तुमी खरंच गुरुजी हाव ना?”

“सतराचा पाढा म्हणून दाखवू का?”

तिने आकडे सांगितले. मी एका बोटाने, प्रत्येक आकडा दोनदा तपासून, भरले. घराचे दार उघडले. एक कान मोठा, एक लहान अशी पांढरी मेंढी बाहेर आली. त्या सात जणींच्या मधून, कोणाकडे न पाहता, कुंपणाबाहेर गेली.

थोड्या वेळाने फोनमध्ये नांदेडहून मेंढी ओरडली. मग खिदळणे. मग ते भांडे. मग ती बाई. संपले. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. रेणूने ते पाच वेळा वाजवले.

“गुरुजी, ही आज्जी हाय.”

“होय.”

“आबा हे रोज ऐकत व्हते?”

“रोज. दाराला कडी लावून.”

ती रडत असावी. मी वाट पाहिली.

“आबा कुठं हायेत?”

“माळावर गेला आहे. येईल.”

“त्यांना हाक मारा ना गुरुजी. आत्ता.”

मी फोन हातात तसाच धरून मागच्या दाराने बाहेर आलो. खोलीत मागे पडदा काळा झाला असावा. मी वळून पाहिले नाही. माळावर उजेड उतरला होता आणि दूर बिरोबाच्या दगडापाशी पटक्याचा एक ठिपका दिसत होता, आमच्याकडे पाठ करून बसलेला. वर्गाबाहेर मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही. आळीतली माणसे ओट्यांवर होती. ती पाहत राहिली.

पहिली हाक फुसकी गेली. दुसरीला कुत्री भुंकली. तिसऱ्या हाकेला माळावरून त्याची ‘ओऽ’ आली, लांब, मेंढपाळ देतात तशी. ती नांदेडपर्यंत पोचावी म्हणून मी फोन हात उंच करून धरला.